चार्टवरचे वीस श्वास

मेडिसिन वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, पल्स आणि श्वास यांच्या नोंदींचा कागद उघडावा आणि फक्त रेस्पिरेशनची ओळ वाचत जावं. २०, २०, १८, २०, २०, २०. पेशंट बदलतो, आजार बदलतो, ताप १०३ पर्यंत चढून उतरतो, पण श्वास वीसवरून हलत नाही. अशी ओळ दिसली की समजावं, हा आकडा मोजलेला नाही, भरलेला आहे. नर्सिंग रिसर्चच्या पहिल्या तासाला व्याख्या, प्रकार आणि टप्पे फळ्यावर लिहायची पद्धत आहे. माझ्या मते तो तास या एका ओळीवर घ्यावा. पेशंटच्या उशाशी उभं राहून करायचा विचार आणि प्रबंधात करायचं संशोधन, दोन्हींची सुरुवात इथेच होते. जे पाहिलं ते मोजलं का? आणि मोजलं ते तसंच लिहिलं का?

हिशेबासाठी रचलेला एक पेशंट घेऊ. जुलै महिना, भाताचा तरवा (रोपं) लावायचे दिवस. गोव्यातल्या पेडण्याकडचा ४२ वर्षांचा शेतकरी, वजन ६० किलो. तीन दिवस ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल. पहाटे ६ वाजताची नोंद अशी: ताप १०१.१ फॅरनहाइट म्हणजे ३८.४ सेल्सिअस, पल्स १०४, बीपी १०८/७०, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९५, पूर्ण शुद्धीत. श्वास मिनिटाला २२.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारून दिलेला न्यूज-२ स्कोर, म्हणजे पेशंट बिघडतोय का ते नोंदींवरून ओळखायची गुणपद्धत, इथे लावून पाहू. श्वास २१ ते २४ मध्ये असल्यामुळे २ गुण. सॅच्युरेशन ९५ ला १, सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) १०८ ला १, पल्स १०४ ला १, तापाला १. ऑक्सिजन लावलेला नाही आणि पेशंट शुद्धीत आहे, त्यामुळे तिथे शून्य. बेरीज ६. स्कोर ५ किंवा त्याहून जास्त झाला की डॉक्टरने तातडीने येऊन पाहायचं आणि निदान तासातासाला नोंदी घ्यायच्या, असं ही पद्धत सांगते. आता त्याच चार्टवर श्वासांच्या जागी सवयीने २० लिहा. बेरीज ४ होते. ४ ला पुढची नोंद ४ ते ६ तासांनी चालते. म्हणजे सहा वाजता डॉक्टरला बोलवायचं की दहा वाजेपर्यंत थांबायचं, हे त्या न मोजलेल्या दोन श्वासांनी ठरवलं.

मोजायचं कसं, हे सगळ्यांना येतं असं धरून आपण पुढे जातो. तसं धरू नये. पेशंटला सांगून श्वास मोजले की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो, म्हणून पल्स बघून झाल्यावर मनगट सोडायचं नाही. हात तसाच धरून नजर छातीकडे किंवा पोटाकडे न्यायची. चादर कमरेपर्यंत खाली. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पूर्ण ६० सेकंद. पेशंट आत्ताच बाथरूमहून आला असेल तर पाच मिनिटं थांबायचं. बोलत असेल तर गप्प होईपर्यंत थांबायचं.

१५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय सगळ्यात वाईट, आणि का वाईट ते गणितातच दिसतं. त्या पद्धतीने फक्त १६, २०, २४ असे चारच्या पटीतलेच आकडे येऊ शकतात. २२ श्वास घेणाऱ्या माणसाला ती २० तरी म्हणेल नाहीतर २४. बावीस कधीच नाही. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तर सगळे आकडे सम येतात. त्यामुळे आठवड्याभराचे चार्ट काढून रेस्पिरेशनचे शेवटचे अंक नुसते टिपले, तरी वॉर्डात मोजणी कशी होते ते कोणाला न विचारता कळतं. बीपीचंही तसंच. हाताच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणांनी वाचलं तर शेवटी ०, २, ४, ६, ८ यांतला कुठलाही अंक सारख्याच शक्यतेने यायला हवा, म्हणजे शून्यावर संपणाऱ्या नोंदी साधारण २० टक्के. त्या ७० टक्के असतील तर वाचन अंदाजाने चाललंय. बीएस्सीच्या मुलींना पहिलाच अभ्यास म्हणून हा द्यावा. परवानगी लागते ती घ्यावी, पेशंटची नावं उतरवू नयेत, २०० नोंदी पुरतात. एका दुपारीत डेटा क्वालिटी म्हणजे काय ते कायमचं समजतं.

परत आपल्या शेतकऱ्याकडे. बेरीज ६ आली म्हणून विचार संपत नाही, तिथून सुरू होतो. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये क्लिनिकल जजमेंटचं जे मॉडेल मांडलं, त्यात चार गोष्टी आहेत: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, आणि नंतर त्याकडे मागे वळून पाहणं. यातली पहिली गोष्ट सगळ्यात अवघड आणि तिलाच आपण सगळ्यात कमी वेळ देतो. बावीस श्वास लक्षात आले. आता अर्थ. नुसत्या तापाने श्वास थोडे वाढतात. पण जुलैत, चिखलात काम करणाऱ्या माणसाला, पोटऱ्या दुखत असताना आणि डोळे लाल असताना लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, थोडक्यात लेप्टो) डोक्यात यायलाच हवा, आणि लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. किडनीवर परिणाम होऊन रक्तातलं आम्ल वाढलं तरी श्वास वाढतात. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा, बीपी पडायच्या आधी बऱ्याचदा श्वास वाढलेले असतात. म्हणून लगेच बघायच्या गोष्टी ठरतात: एक अख्खं वाक्य दम न घेता बोलतो का, खोकल्यात रक्ताचा अंश आहे का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळेपणा आलाय का, रात्रीपासून लघवी किती झाली, आणि काल बीपी किती होतं. काल १४० असेल तर आजचं १०८ ही घसरण आहे. स्कोरला ती दिसत नाही, कारण त्याला कालचा दिवस माहीत नसतो. तो नर्सला माहीत असतो.

लघवीचा हिशेब: तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली आणि सहा तासांत १८०. त्याहून कमी झाली तर कळवायचं. पण लेप्टोतली एक गोष्ट नेहमी चकवते. यात किडनी बिघडलेली असूनही लघवी भरपूर होत राहू शकते आणि पोटॅशियम उलट खाली जातं. त्यामुळे ‘आऊटपुट चांगलं आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आला का ते विचारावं. हाच माणूस फेब्रुवारीत सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या बागायतीतून आला असता तर माकडतापाचा प्रश्न आधी विचारला असता. महिना, गाव आणि काम हे तीन शब्द ॲडमिशनच्या कागदावर नुसते भरून टाकायचे रकाने नाहीत.

विचार कुठे अडतो, तेही सांगायला हवं. ड्युटी बदलताना, हॅण्डओव्हरला ‘बेड १२, फीव्हर, स्टेबल’ एवढं ऐकलं की पुढचे आठ तास आपण त्या ‘स्टेबल’ला धरून बसतो. नवीन दिसलेली प्रत्येक गोष्ट त्यात बसवतो: श्वास वाढले, ताप आहे ना. पल्स वाढली, ताप आहे ना. याला अँकरिंग म्हणतात, आणि हुशार माणसालाही ते होतं. त्यावर इलाज एकच, आधीच लिहून ठेवायचं की काय दिसलं तर माझं मत बदलेल. ‘श्वास २५, सिस्टॉलिक १०० खाली, सहा तासांत लघवी १८० पेक्षा कमी, किंवा गोंधळून बोलणं, यातलं एक जरी झालं तरी फोन.’ संशोधनात आपण हायपोथिसिस आधी लिहितो आणि मग डेटा गोळा करतो, त्यामागचं कारण हेच आहे. डेटा पाहिल्यावर मत बनवलं तर कुठलाही डेटा त्या मतात बसवता येतो.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि तो आपल्या गोव्याचा खास आहे. पेशंट कोंकणीत म्हणतो, “म्हाका बरें दिसना.” म्हणजे मला बरं वाटत नाही. नर्स चार्टवर लिहिते, ‘विशेष तक्रार नाही.’ कारण ‘बरें दिसना’ला रकाना नाही, ती ना दुखणं आहे ना उलटी. पण दोन दिवस काही न बोलणारा माणूस पहाटे आपणहून असं म्हणतो, ही लक्षणाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. त्याचे शब्द जसेच्या तसे, कोंकणीतच, अवतरणात लिहावेत आणि पुढे वेळ टाकावी. मग विचारावं: कालच्यापेक्षा काय वेगळं वाटतं?

डॉक्टरला फोन करताना असं सांगावं: “डॉक्टर, मेल मेडिसिनमधून स्टाफ नर्स बोलतेय. बेड १२, ४२ वर्षं, तापाचा तिसरा दिवस, लेप्टोचा संशय, रिपोर्ट यायचा आहे. आता श्वास २२, पल्स १०४, बीपी १०८/७०, काल संध्याकाळी १३०/८० होतं. न्यूज स्कोर ६, रात्री २ होता. लघवी सहा तासांत १६० मिली. मला पेशंट बिघडतोय असं वाटतं. तुम्ही अर्ध्या तासात येऊन बघाल का, आणि तोवर रक्त काढून ठेवू का?” ‘मला वाटतं’ म्हणायला बऱ्याच जणी कचरतात. कचरू नये. पुढे आकडे ठेवले असतील तर ते वाटणं म्हणजे निष्कर्ष असतो. (न्यूज-२ सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला लावायचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा.)

आता प्रबंध. एम.एस्सी. नर्सिंगच्या विषयांची कुठलीही यादी पाहिली तर एक वाक्य पुन्हापुन्हा भेटतं: अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता. साठ जणांना ३० प्रश्नांची चाचणी, मग ४५ मिनिटांचं व्याख्यान, सात दिवसांनी तीच चाचणी. गुण वाढतात, आधीच्या-नंतरच्या गुणांची तुलना करणाऱ्या पेअर्ड टी टेस्टचा पी व्हॅल्यू (फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) ०.००१ च्या खाली येतो, निष्कर्ष ‘परिणामकारक’. मला या साच्याबद्दल मनापासून तक्रार आहे. तेच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवले की न शिकताही गुण वाढतात. तुलनेला दुसरा गट नसल्यामुळे वाढ व्याख्यानाने झाली की त्या आठवड्यात वॉर्डात ऐकून झाली, सांगता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हात कधी धुवायचे हे माहीत असणं आणि दोन पेशंटच्या मध्ये खरंच हात धुणं यांत फार अंतर आहे. पी व्हॅल्यू त्या अंतराबद्दल काहीच सांगत नाही.

त्याऐवजी वॉर्डातला प्रश्न घ्या. कॅन्युला घ्या, म्हणजे सलाइन-औषधासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी. ती जवळपास प्रत्येक पेशंटच्या हातात आहे, आणि ती लावणं, धुणं, बांधणं, काढणं यातलं बरंचसं काम नर्सचं आहे. ठरावीक दिवसांनी कॅन्युला बदलायचीच, हा नियम वर्षानुवर्षं चालत आला. क्लेअर रिकर्ड या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने ऑस्ट्रेलियात ३,२८३ पेशंटवर चाचणी घेतली. अर्ध्यांची कॅन्युला दर तिसऱ्या दिवशी बदलायची, अर्ध्यांची फक्त गरज पडली तर. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह, दोन्ही गटांत ७ टक्के. नर्सला रोज पडणारा प्रश्न, नर्सने विचारलेला, आणि उत्तराने पेशंटच्या हाताला पडणारी टोचणी कमी झाली. पण तो निकाल आपल्या वॉर्डात आणताना एक अट विसरू नये. ‘गरज पडली तर’ म्हणायचं तर गरज दिसायला हवी, म्हणजे जागा रोज उघडी करून बघायला हवी. आपल्याकडे कॅन्युलावर पांढरी पट्टी इतकी गुंडाळलेली असते की टोचलेली जागा दिसतच नाही. पारदर्शक ड्रेसिंग लावलं तर गोव्याच्या दमट हवेत घामाने कडा सुटतात. म्हणून आधीचा प्रश्न हा असू शकतो: आपल्या वॉर्डात कॅन्युलाची जागा किती टक्के वेळा दिसते?

प्रश्न बांधताना पिकोची चौकट कामाला येते: कोण पेशंट, काय करणार, कशाशी तुलना, काय मोजणार. ‘कॅन्युलाची काळजी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘मेडिसिन वॉर्डातल्या प्रौढ पेशंटमध्ये, पट्टीऐवजी पारदर्शक ड्रेसिंग लावल्यास, ७२ तासांत फ्लेबायटिस कमी होतो का?’ हा प्रश्न झाला.

मग व्याख्या. फ्लेबायटिस म्हणजे काय, हे अभ्यासापुरतं ठरवून घ्या. कॅन्युलाची जागा बघून द्यायचा व्हीआयपी स्कोर ० ते ५ असतो. जागेवर थोडं दुखणं किंवा थोडी लाली असेल तर १, आणि दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन असतील तर २. दोनला कॅन्युला काढायची. ‘स्कोर २ किंवा जास्त म्हणजे फ्लेबायटिस’ असं लिहून टाका. इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. सावळ्या हातावर लाली दिसत नाही. उजेड तिरका पाडावा, दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी तुलना करावी, बोटाच्या मागच्या बाजूने ऊब तपासावी, आणि शिरेवरून वर हलकं बोट फिरवत दोरीसारखं काही लागतं का ते बघावं. हे डेटा गोळा करणाऱ्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने केलं नाही तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

सारखं करतात की नाही, ते पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचपणीत तपासा. दोन जणींनी एकमेकींना न विचारता २० कॅन्युला बघाव्यात. समजा दोघींनी ४ ठिकाणी ‘आहे’ आणि १३ ठिकाणी ‘नाही’ म्हटलं, दोन ठिकाणी फक्त पहिलीने ‘आहे’ म्हटलं आणि एका ठिकाणी फक्त दुसरीने. एकमत २० पैकी १७, म्हणजे ८५ टक्के. छान वाटतं. पण बहुतेक कॅन्युला ठीकच असल्यामुळे निव्वळ योगायोगानेही बरंच एकमत होणार होतं. पहिलीने ३० टक्के आणि दुसरीने २५ टक्के ‘आहे’ म्हटलं, तर योगायोगाचं एकमत ०.३ गुणिले ०.२५ अधिक ०.७ गुणिले ०.७५, म्हणजे ०.६०. योगायोग वगळून खरं एकमत किती ते सांगणारा कोहेनचा कप्पा येतो (०.८५ वजा ०.६०) भागिले ०.४०, म्हणजे ०.६३ च्या आसपास. काम चालवण्याइतका आहे, पण ज्या तीन कॅन्युलांवर मतभेद झाले त्या दोघींनी एकत्र बसून पुन्हा बघाव्यात आणि व्याख्येत एक ओळ वाढवावी. हा अर्धा तास वाचवला तर पुढचे तीन महिने वाया जातात.

सॅम्पल किती? टक्केवारी शोधायची असेल तर १.९६ चा वर्ग गुणिले पी गुणिले क्यू भागिले डी चा वर्ग; पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १ वजा पी, डी म्हणजे चालणारी चूक. फ्लेबायटिस ३० टक्के धरला आणि १० टक्क्यांची चूक चालत असेल तर ८१. तीच चूक ५ टक्के हवी असेल तर ३२३. गाईडने ‘साठ घे’ म्हटलं म्हणून साठ, हे कारण होऊ शकत नाही. प्रत्येक पेशंटची पहिलीच कॅन्युला घ्या. एकाच माणसाच्या तीन कॅन्युला मोजल्या तर त्याच्या शिरा आणि त्याची औषधं तीनदा मोजली जातात.

निकाल मांडताना भाजक सांभाळा. ८१ कॅन्युलांपैकी १८ ला फ्लेबायटिस झाला तर २२ टक्के. पण त्या ८१ मिळून २४० दिवस हातात होत्या, तर हजार कॅन्युला-दिवसांमागे ७५. एका वॉर्डात पेशंट दोन दिवसांत घरी जातात आणि दुसऱ्यात आठ दिवस राहतात, तर नुसत्या टक्क्यांची तुलना करता येत नाही. पोटॅशियम क्लोराईड, व्हॅन्कोमायसिन, ॲमिओडॅरोन ही शिरेला त्रास देणारी औषधं, कॅन्युलाचा गेज (जाडी), कोपराच्या घडीवर लावली की हाताच्या पाठीवर, कॅज्युअल्टीत घाईत लावली की वॉर्डात, हे सगळं पहिल्या दिवसापासून लिहा, नंतर आठवत नाही. सकाळी ८ ते २ मध्येच बघितलं तर रात्री काढलेल्या कॅन्युला निसटतात, आणि नेमक्या दुखत होत्या म्हणून काढलेल्याच निसटतात. कॅन्युला काढल्यावरही ४८ तासांपर्यंत फ्लेबायटिस दिसू शकतो, त्यामुळे डिस्चार्ज झालेल्याला फोन करायची सोय आधीच संमतीपत्रात मागून घ्या.

संमतीपत्राचंही सांगते, कारण तिथे गोव्यात नेहमी अडतं. मराठी आणि इंग्रजी प्रत काढली की काम झालं असं समजू नये. कोंकणी प्रत देवनागरीत काढली तरी दक्षिण गोव्यात सासष्टीतल्या अनेक पेशंटना रोमी लिपीच वाचता येते. कामाला आलेल्या मजुराला कन्नड किंवा हिंदी लागते. भाषांतर एकाने करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणावं, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहावा. वाचता न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, आणि साक्षीदार आपल्या टीममधला नसावा. एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या पेशंटच्या आधी हवी. ड्रेसिंग बदलून पाहणार असाल तर ती चाचणी झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणीही पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करावी लागते. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण शंका-उत्तरांत आठवडे जातात, म्हणून प्रोटोकॉल मंजूर झाला त्याच दिवशी फॉर्म भरायला घ्या.

काम संपल्यावर बाइंडिंग केलेली प्रत लायब्ररीत जाते. जाऊ दे. त्याआधी एक पान इंचार्ज सिस्टरच्या हातात द्या: आपल्या वॉर्डाचा दर, सगळ्यात जास्त त्रास कुठल्या जागी आणि कुठल्या औषधाला झाला, आणि उद्यापासून बदलायची एकच गोष्ट. दोन महिन्यांनी परत जाऊन ३० कॅन्युला बघा, त्याच व्याख्येने, त्याच तिरक्या उजेडात.